जप्त केलेले मोबाईल शेवटी माझ्याच कपाटात येतात

शाळेत मोबाईल नको यावर आमच्या भागात सगळ्यांचं एकमत आहे. सर लोक बोलतात, संस्थेचे चेअरमन पंधरा ऑगस्टच्या भाषणात बोलतात, पारावरचे आबा-आप्पा तर बोलतातच, एका हाताने रील सरकवत. पण पकडलेल्या मोबाईलचं पुढे काय होतं हे शाळेत फक्त एका माणसाला माहीत असतं आणि तो म्हणजे क्लार्क. तो मी. जळगाव जिल्ह्याच्या अमळनेर-चोपडा पट्ट्यातली एक अनुदानित शाळा, पाचवी ते बारावी, आजूबाजूच्या खेड्यांवरून पोरं येतात, कोणी एसटीने, कोणी सायकलवर, कोणी काकाच्या मोटारसायकलवर तिबल सीट. शाळेचं नाव लिहीत नाही, उगाच कोणी हेडसरांना लिंक पाठवायला नको.

तर पद्धत अशी की तासाला मोबाईल सापडला की सर तो शिपाईमामांच्या हातात देतात, मामा ऑफिसात आणून माझ्या टेबलावर ठेवतात, आणि मी त्याला रबरबँडने चिठ्ठी लावतो, नाव, वर्ग, तारीख, कोणत्या सरांनी पकडला. मग लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या जनरल रजिस्टरांच्या शेजारी. बंद करून ठेवा म्हणतात, पण लॉक असलेला फोन बंद करायलाही आजकाल पासवर्ड मागतो काही मॉडेलमध्ये, आणि पोरगा पासवर्ड सांगत नाही. मग कपाट वाजायला लागतं. सायलेंटवर असला तरी व्हायब्रेट होतो आणि सगळा पत्रा थरथरतो. एकदा तालुक्याहून तपासणीला साहेब आलेले, शिष्यवृत्तीची फाईल बघत होते, एकदम गंभीर वातावरण, आणि कपाटातून लग्नातलं अहिराणी डीजेचं गाणं सुरू झालं ते थांबेचना. साहेबांनी चष्म्यावरून कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हेडसर म्हणाले, जप्तीचा मुद्देमाल आहे सर. साहेबही हसले म्हणून वाचलो.

हे गमतीचं झालं. खरा त्रास दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

नियम असा होता की सापडलेला मोबाईल आठ दिवस मिळणार नाही आणि मिळेल तो पालक आल्यावरच. कागदावर भारी वाटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला खिडकीशी बाप उभा. शेतातून तसाच आलेला, पायाला माती, डोक्याला रुमाल. म्हणतो, "भाऊसाहेब, तो मोबाईल पोऱ्याना नही, मन्हा शे." आणि खरंच त्याचाच असतो! पोरगा रात्री खेळत झोपला, सकाळी दप्तरात टाकून घेऊन आला, बापाला वाटलं चार्जिंगला लावलाय. आता त्या एका फोनवर काय काय अडकलंय बघा. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, त्याच फोनवरून करायची. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर. सीसीआयला, म्हणजे सरकारी खरेदीला, कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी, तीही तिथेच. व्यापाऱ्याने पैसे टाकले का नाही ते बघायचं तर फोनपे त्यात. किराणावाला उधार देईना म्हणून तो माणूस दोन गावं ओलांडून आलेला आणि मी त्याला सांगायचं की आठ दिवस थांबा, नियम आहे. "त्याले मारा, ठोका, पन मन्हा मोबाईल द्या." शिक्षा पोराला होती आणि भोगून राहिला बाप. पोरगा तिकडे वर्गात मागच्या बाकावर मित्राच्या फोनमध्ये डोकं घालून मजेत.

शहरातले लोक जेव्हा विद्यार्थ्यांचा मोबाईल म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर पोराच्या वाढदिवसाला घेतलेला फोन असतो. खेड्यात तो घराचा असतो. असर नावाचा जो शिक्षणाचा सर्व्हे दरवर्षी गाजतो, त्याच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना हे विचारलं होतं. जवळपास ९० टक्के पोरांच्या घरात स्मार्टफोन आहे. पण ज्यांना वापरता येतो त्यांच्यात स्वतःच्या मालकीचा फोन असलेली मुलं ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर. नंतरच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या पोरांना विचारलं की गेल्या आठवड्यात फोनवर काय केलं, तर अभ्यासाचं काहीतरी केलं म्हणणारे ५७ टक्के आणि सोशल मीडिया पाहिला म्हणणारे ७६ टक्के. हे वाचून कोणाला धक्का बसला असेल तर त्याने आमच्या शाळेसमोरच्या फाट्यावर पाच वाजता येऊन उभं राहावं.

बंदी चांगली का वाईट यावर मी बरंच वाचलंय, रात्री, मोबाईलवरच. फ्रान्सने २०१८ ला कायदा करून प्राथमिक आणि त्याच्या पुढच्या माध्यमिकच्या वर्गांना, म्हणजे साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांना, शाळेत फोन वापरायला बंदी घातली. नेदरलँड्सने जानेवारी २०२४ पासून माध्यमिकच्या वर्गात बंद केला. ब्राझीलने जानेवारी २०२५ ला कायदा केला, दक्षिण कोरियाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलं होतं की चारातल्या एका देशाहून कमी देशांत अशी बंदी आहे, त्यानंतर रांगच लागली. आपल्याकडे सीबीएसईने तर २००९ लाच परिपत्रक काढलं होतं, तेव्हा आमच्या गावात टचस्क्रीन कोणी पाहिलाही नव्हता.

पण मला सगळ्यात आवडला तो न्यूयॉर्कचा किस्सा. तिथल्या सरकारी शाळांत बरीच वर्षं मोबाईल आणायलाच बंदी होती, २०१५ ला उठवली. तोपर्यंत काय व्हायचं, शाळेबाहेर ट्रक उभे राहायचे आणि पोरं रोज एक डॉलर देऊन त्यात फोन ठेवायची, सुटल्यावर परत घ्यायची. कोणाचा तरी धंदा झाला मस्त! वाचून मी एकटाच हसत बसलो, कारण दहावी-बारावीच्या बोर्डाच्या पेपरला आमच्या सेंटरसमोर हेच असतं. झेरॉक्सवाला दहा रुपये घेतो, फोनच्या मागे नंबराची चिठ्ठी चिकटवतो आणि खोक्यात टाकतो. अमेरिका काय अन् अमळनेर काय, गेटवर बंदी लागली की गेटच्या बाहेर दुकान लागतं. आता तिकडे म्हणे चुंबकाने लॉक होणाऱ्या पिशव्या आल्यात, फोन पिशवीत टाकून पोराजवळच ठेवायचा आणि सुटताना गेटवर उघडायची. आमच्याकडे ती पिशवी आली तर पहिल्याच दिवशी सायन्स लॅबमधले लोहचुंबक गायब होतील, हे मी लिहून देतो.

बरं फायदा होतो का? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने छापलेल्या एका अभ्यासात दोघांनी २०१५ ला इंग्लंडमधल्या ९१ शाळांचे निकाल तपासले होते, बंदी आधी आणि नंतर. हुशार पोरांना काहीच फरक पडला नाही, पण मागे पडणाऱ्या पोरांचे मार्क वाढले. नंतर स्वीडनमध्ये तसाच हिशोब करून पाहिला तर तिथे काही सापडलं नाही. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या लोकांनी ३० शाळांतली १,२२७ पोरं तपासली, कडक शाळा आणि मोकळ्या शाळा, तर पोरांच्या मनाच्या तब्येतीत फरक नाही, कारण शाळेत वाचलेला वेळ ती घरी भरून काढतात, दिवसभराचा एकूण वापर तेवढाच. पण जास्त वेळ फोनवर असणाऱ्यांची झोप, अभ्यास, मनःस्थिती खराब हे त्यांनाही दिसलंच. मला यातला पहिला, इंग्लंडमधला निष्कर्ष पटतो. निकालाचे तक्ते मीच टाईप करतो ना. पहिल्या बाकावरची पोरगी फोन असो नसो गणितात पुढेच राहणार. ज्याला शिकवणीही नाही आणि घरी विचारायला माणूसही नाही, त्याच्यासाठी सरांचा तो पस्तीस-चाळीस मिनिटांचा तासच काय तो अभ्यास. तो तासही रीलमध्ये गेला तर त्याला दुसरी संधी नाही. म्हणून वर्गात फोन नको या मताचा मी पक्का आहे, उगाच कोणी मला मोबाईलवाल्यांचा वकील समजू नये. माझं भांडण जप्तीशी आहे.

आता मुलींचं. हे लिहू का नको असा विचार करत होतो.

मुलाकडे मोबाईल सापडला तर घरी दोन थोबाडीत आणि विषय संपला. मुलीकडे सापडला तर गावात पसरतं, अमक्याच्या पोरीजवळ मोबाईल सापडला, मग कोणाचे फोन यायचे, कोणाशी बोलायची, तोंडाला येईल ते. आणि दोन महिन्यांनी तिचा बाप दाखला काढायला माझ्याच खिडकीशी येतो. कारणाच्या रकान्यात मी लिहितो पालकाच्या विनंतीवरून. म्हणून मुलीचा फोन आला की मी बापाला फोन लावत नाही, आईला बोलावतो. एक माय तर पदरात तोंड झाकून रडली, "तिना बापले सांगू नका भाऊ." त्या पोरीच्या दप्तरात होता तो बटणाचा फोन, ज्यात स्नेक गेमशिवाय काही नाही, आणि तो तिला आईनेच दिलेला कारण ती मानव विकासच्या बसने येते आणि ती बस संध्याकाळी कधी येते कधी येत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मागास तालुक्यांत मुलींना शाळेत जाता यावं म्हणून मानव विकास मिशनच्या एसटी बस आहेत, निळ्या रंगाच्या, पोरींना फुकट. फार चांगली योजना आहे, कित्येक पोरी त्या बसमुळे बारावीपर्यंत पोचल्या. पण गाडी बिघडली, ड्रायव्हर दुसऱ्या ड्युटीवर गेला, रस्त्यात कुठे आंदोलन लागलं, की पंधरा-वीस पोरी फाट्यावर उभ्या, अंधार पडतोय आणि घरी कळवायला काही नाही. अशा पोरीच्या आईला नियम सांगायची माझी तरी छाती होत नाही.

दिल्ली हायकोर्टाने २०२५ च्या फेब्रुवारीअखेर एका विद्यार्थ्याच्या केसमध्ये जे म्हटलं ते मला म्हणूनच शहाणपणाचं वाटलं. सरसकट बंदी बरी नाही आणि चालणारही नाही. पोरांनी सुरक्षेसाठी, घरी कळवण्यासाठी फोन आणला तर आणू द्या, पण वर्गात वापर नाही, शक्य असेल तिथे सकाळी जमा करा आणि जाताना परत द्या, शाळेत कॅमेरा-रेकॉर्डिंग नाही, आणि नियम पालकांशी बोलून ठरवा. जप्ती त्यांनीही पूर्ण काढलेली नाही, ठेवलीय, पण आधी जमा.

आम्ही जमा करून बघितलं. अमळनेरच्या बाजारातून ते भिंतीला टांगायचे कापडी कप्पे आणले, चप्पल ठेवायचे असतात ते, प्रत्येक कप्प्यावर मार्करने हजेरी नंबर. परिपाठ झाला की मॉनिटर गोळा करणार, ऑफिसात टांगणार, शेवटच्या तासाला परत. पहिला आठवडा एकदम शिस्तीत गेला आणि मग पोरांनी डोकं लावलं, घरातला बंद पडलेला जुना डबा कप्प्यात जमा आणि खरा फोन सॉक्समध्ये. एकाने तर नुसतं कव्हर जमा केलेलं, आत पुठ्ठा. कल्पकतेला मार्क द्यावे लागतील. दुसरं लफडं स्क्रीनचं. आधीच फुटलेली स्क्रीन शाळेत फुटली म्हणून एक जण भांडायला आला, तेव्हापासून जमा करताना रजिस्टरला स्क्रीन फुटलेली की चांगली असा रकाना वाढवला आणि समोर पोराची सही. काम माझं वाढलं, पगार तोच.

पण एक गोष्ट झाली. खिडकीशी बाप यायचे थांबले. फोन संध्याकाळी घरी जातोच, त्यामुळे कोणाचा ओटीपी अडकत नाही. आणि जमा करून वर सॉक्समध्ये ठेवणारी पोरं निघाली मोजकी, प्रत्येक वर्गातली तीच ती चार टाळकी, त्यांना सर ओळखून आहेत.

दुसरी गोष्ट, ऑफिसच्या टेबलावर एक साधा बटणाचा फोन ठेवला. शाळेचा लँडलाईन कधीच मेलाय, खांबावरची वायरसुद्धा कोणी काढून नेली. नंबर सगळ्या पालकांना दिला. कोणाला पोटात दुखलं, कोणाला बस नाही, कोणाच्या घरी आजी वारली, या फोनवर. बाजूला वही, कोणी लावला, कुठे लावला, किती वाजता. आधी वाटलं पोरांची रांग लागेल, पण ऑफिसात क्लार्कसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की खरंच काम असलेलाच येतो. संध्याकाळी बस चुकली की पोरी आधी इथे येतात, मी डेपोला लावतो, मग त्या घरी लावतात. रिचार्ज सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून, टाकायचा का शिक्षक वर्गणीतून यावर मात्र अजून चर्चाच चालू आहे, तोपर्यंत माझ्या खिशातून.

आता जे कोणालाच ऐकायला आवडत नाही ते. पोरांच्या हातात मोबाईल दिला कोणी? लॉकडाऊनमध्ये २०२० ला, शाळा बंद पण शिक्षण सुरू, तेव्हा घरोघरी आम्हीच सांगत फिरलो की स्मार्टफोन घ्या, नाहीतर पोरगा मागे पडेल. लोकांनी हप्त्याने घेतले. नंतर शाळा सुरू झाली पण वर्गाचे ग्रुप काही बंद झाले नाहीत. आजही गृहपाठ ग्रुपवर, परीक्षेचं वेळापत्रक ग्रुपवर, उद्या सुट्टी आहे हे रात्री साडेनऊला ग्रुपवर. पोरगा बापाचा मोबाईल मागतो, अभ्यास बघायचाय म्हणतो, बाप कसा नाही म्हणेल? अभ्यास दोन मिनिटांचा आणि मोबाईल रात्री अकरापर्यंत. मग सकाळी तोच मोबाईल दप्तरात सापडला की आम्ही संस्कारांवर भाषण देतो.

आणि सर लोकांचं. त्यांची बाजू मी जाणतो, खिचडीचा फोटो टाका, झाडाचा फोटो टाका, हजेरी ऑनलाईन भरा, अमक्या लिंकवर माहिती आजच्या आज भरा, सगळं त्यांच्याच फोनवरून, स्वतःच्या डेटावर. पण पोरांना ते कसं कळणार, त्यांना दिसतं की सर तासाला फोनमध्ये बघून राहिले. एका नववीच्या पोराने तोंडावर विचारलं, सर तुमचा कप्पा कोणत्या नंबरचा? त्याला वर्गाबाहेर उभं केलं. प्रश्न बरोबर होता.

आमच्या अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कूलला शिक्षक होते, १९२४ ते १९३०, आणि हॉस्टेलच्या पोरांसाठी ते हाताने लिहून रोजचं एक दैनिक काढायचे. रोज! मी स्टाफरूममध्ये नुसता विषय काढला की गृहपाठ फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्या, तर एक सर म्हणाले, गुरुजींना यूडायस (शाळेची सगळी माहिती सरकारला ऑनलाईन द्यावी लागते ते) भरायचं नव्हतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गावागावात आता ठराव पण होऊन राहिले. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, तिकडे यवतमाळच्या बांशी गावाने त्याच वर्षी ग्रामसभेत अठराच्या आतल्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. आमच्याकडे पण एका ग्रामपंचायत सदस्याने भोंग्याची कल्पना मांडली, लगेच मागून आवाज, आधी सातला लाईट तर राहू द्या. पण वडगावचं मला एवढ्यासाठी आवडतं की तिथे मोठ्यांचेही फोन बाजूला जातात.

पुढच्या महिन्यात पालक सभा आहे. मी कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्यात, आठ दिवसांची जप्ती बंद आणि रोजची जमा कायम, गृहपाठ ग्रुपऐवजी वहीत, आणि शिक्षकांनी फोटो-हजेरी तासाच्या आधी नाहीतर नंतर. पहिल्याला कोणाची हरकत नाही. दुसऱ्याला दोन सरांची आहे, तिसऱ्याला बहुतेक सगळ्यांची. हेडसरांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले विषयपत्रिकेत पाच नंबरला टाका. चार नंबरला पाण्याच्या टाकीचा विषय आहे आणि गेल्या सभेत त्यावरून अर्धे पालक उठून गेले होते, त्यामुळे पाचपर्यंत सभा पोचते का ते बघावं लागेल. मी तर म्हटलं चारच्या आधी टाका, ते म्हणाले तुम्ही आधी कपाटाच्या खणातले उरलेले फोन परत करा, आतून कोणाचा तरी अलार्म रोज पावणेबाराला वाजतो.